दुर्बिणीतून गर्भपिशवी काढायची आहे? आधी काय विचारायचं, ऑपरेशन कसं होतं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं

माझ्या मोठ्या जाऊबाईंची पिशवी २००९ साली काढली, तेव्हा त्या ३६ वर्षांच्या होत्या. वर्षभरातच अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप गेली, सांधे धरले आणि सगळ्यांनी म्हटलं ऑपरेशननंतर असं होतंच. ४४ व्या वर्षी ओट्याजवळ पाय घसरला आणि मनगट मोडलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले. माळ्यावरच्या पेटीतून डिस्चार्ज कार्ड निघालं, त्यावर लिहिलेलं ‘टीएएच विथ बीएसओ’. डॉक्टरांनी वाचून विचारलं, "ताई, तुमच्या दोन्ही ओव्हरीजपण काढल्यात, माहितीय ना?" त्यांना माहिती नव्हतं. आठ वर्षं माहिती नव्हतं. पिशवी काढायची एवढंच सांगितलेलं, सही भाऊजींनी केलेली.

दोन वर्षांपूर्वी माझ्यावर तीच वेळ आली तेव्हा मी ठरवलं होतं की सगळं विचारून, समजून, लिहून घेऊनच टेबलवर जायचं. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, पण तीन डॉक्टरांना भेटून आणि स्वतः त्यातून जाऊन जे कळलं ते क्रमाने लिहितेय. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या, फक्त त्यांच्यासमोर बसताना हे प्रश्न हातात असू द्या.

आधी एकच प्रश्न: काढायची गरज आहे का

दुर्बिणीचं ऑपरेशन सोपं झालंय, टाके छोटे, दोन दिवसात घरी, हे सगळं खरं आहे. पण त्यामुळेच ‘काढून टाका एकदाची’ हे म्हणणंही सोपं झालंय, आणि ‘कशी काढायची’ यावर बोलणं सुरू होतं तेव्हा ‘का काढायची’ हे मागेच राहून गेलेलं असतं.

पिशवी काढण्याची खरी कारणं अशी असतात: फायब्रॉइडच्या गाठी ज्यांनी रक्तस्राव किंवा दाब खूप वाढलाय, अॅडेनोमायोसिस म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर तिच्या स्नायूत शिरून ती सुजते आणि पाळीत जीव जातो, औषधांनी न थांबणारं अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, काही प्रकारचा एंडोमेट्रिओसिस म्हणजे अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढणं, अस्तराची कॅन्सरपूर्व वाढ आणि कॅन्सर. आणि कारण नसलेली कारणं, जी मी आमच्या भागात कितीतरी बायकांकडून ऐकलीत: पांढरं जातं, कंबर दुखते, तोंडावर सूज आहे, दोन मुलं झाली आता काय उपयोग, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल. पांढरं जाणं बहुतेकदा इन्फेक्शन असतं, औषधाने जातं. कंबर दुखायला मणका, स्नायू, कॅल्शियम, दिवसभर वाकून काम अशी पन्नास कारणं असतात. आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ एवढं तोंडी सांगितलं आणि हातात कुठलाही बायोप्सीचा रिपोर्ट नसेल तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

हे मी कळकळीने का सांगतेय, तर आपल्या महाराष्ट्रातच हे घडलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कोयत्यावर गेल्यावर पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला तर मुकादम दंड कापणार, फडात संडास नाही, पाणी नाही, इन्फेक्शन होणारच, आणि त्या इन्फेक्शनवर उपाय म्हणून पिशवी काढलेली. देशभरात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत सुमारे ३ जणींची पिशवी काढलेली आहे आणि त्यातली दोन तृतीयांशांहून जास्त ऑपरेशनं खाजगी दवाखान्यात झालेली. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशवी काढणं थांबवण्यासाठी केंद्राने काढलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. म्हणजे दुसरं मत घेणं, कारण लेखी मागणं हा आपला हक्क आहे, डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

कुठल्या तपासण्या हातात हव्यात

पोटावरून केलेली सोनोग्राफी पुरत नाही, योनीमार्गातून करतात ती जास्त स्पष्ट असते, त्यात गाठी किती, कुठे, अस्तर किती मिलिमीटर जाड, ओव्हरीज कशा आहेत हे दिसतं. गाठ मोठी किंवा गोंधळाची असेल तर एमआरआय सांगतात. चाळिशीनंतर अंगावरून जास्त जात असेल तर अस्तराची बायोप्सी झालीच पाहिजे, ओपीडीत बारीक नळीने घेतात किंवा हिस्टेरोस्कोपी करून, म्हणजे आत छोटा कॅमेरा घालून. ही बायोप्सी न करता थेट पिशवी काढली आणि नंतर आत कॅन्सर निघाला तर ऑपरेशन अर्धवट ठरतं. पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची कॅन्सरसाठीची तपासणी, तीही करा. आणि थायरॉइड! माझ्या एका सहकारी बाईंना वर्षभर पाळीचा त्रास होता, ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरलेली, थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच खूप वाढलेलं निघालं, गोळी सुरू केल्यावर पाळी मार्गाला लागली.

हिमोग्लोबिनवर पुढे बोलतेच, पण तेही आत्ताच करून घ्या.

काढण्याआधी काय काय करून बघता येतं

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या पाळीच्या चार-पाच दिवसांत रक्त कमी करतात. हार्मोनच्या गोळ्या असतात. मिरेना म्हणजे हार्मोन असलेली तांबीसारखी वस्तू, पिशवीत बसवतात, अस्तर पातळ ठेवते, कित्येक जणींची पाळी त्यावर जवळजवळ बंदच होते आणि ऑपरेशन टळतं, आणि काही वर्षं चालते म्हणून मला वाटतं सगळ्यात आधी हिच्याबद्दल विचारावं. पॉलिप असेल तर तो एकटाच हिस्टेरोस्कोपीने काढता येतो. गाठ काढून पिशवी ठेवता येते, त्याला मायोमेक्टमी म्हणतात, मूल हवं असेल त्यांच्यासाठी हा रस्ता. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धतही आहे, एम्बोलायझेशन.

आणि एक उपाय असा की थांबायचं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते आणि पाळी गेली की फायब्रॉइड आपोआप आकसतात. तुम्ही ४८ च्या असाल, गाठी छोट्या असतील, त्रास गोळ्यांवर निभत असेल तर वर्ष-दोन वर्षं काढता येतात का हे नक्की विचारा.

माझं सांगते. वय ४६, अॅडेनोमायोसिस, पिशवी १२ आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी मोठी (डॉक्टर आकार असाच आठवड्यांत सांगतात, घाबरू नका), पाळी दहा-दहा दिवस, वर्गात फळ्याकडे वळायची भीती वाटायची की मागे डाग पडला असेल. हिमोग्लोबिन ७.८. गोळ्या झाल्या, मिरेना बसवली तर सातव्या महिन्यात एका जोराच्या पाळीत ती बाहेरच पडली, मोठ्या पिशवीत असं होऊ शकतं. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या डॉक्टरांनीही काढणं योग्य आहे म्हणून सांगितलं तेव्हा माझं मन तयार झालं.

कुठल्या रस्त्याने काढायची

रस्ते चार आहेत. खालून, म्हणजे योनीमार्गातून, पोटावर एकही टाका नाही. दुर्बिणीतून, पोटावर तीन-चार बारीक छिद्रं. रोबोटने, तीही दुर्बीणच, फक्त हत्यारं रोबोटच्या हातात आणि रोबोट सर्जनच्या हातात. आणि पोट उघडून, बिकिनी लाइनला आडवा किंवा बेंबीखाली उभा छेद.

बऱ्याच जणींना वाटतं दुर्बीण म्हणजे सगळ्यात भारी. पण जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं म्हणणं असं आहे की जिथे खालून काढणं शक्य आहे तिथे तेच आधी बघावं, कारण तो मार्ग सगळ्यात कमी त्रासाचा आणि कमी खर्चाचा. अंग बाहेर आलंय, पिशवी फार मोठी नाही, नॉर्मल डिलिव्हरी झाल्यात, अशांसाठी तो फार चांगला. खालून जमत नसेल, म्हणजे पिशवी मोठी आहे, सिझर झाल्यामुळे चिकटलेली असू शकते, एंडोमेट्रिओसिस आहे, ओव्हरीजपण बघायच्या आहेत, तेव्हा दुर्बीण. उघडून करण्यापेक्षा दुर्बिणीत दुखणं कमी, रक्त कमी जातं, जखम पिकण्याचं प्रमाण कमी, लवकर उभं राहता येतं. पण किडनीतून येणाऱ्या लघवीच्या नळीला किंवा मूत्राशयाला इजा होण्याचा धोका दुर्बिणीत उघड्या ऑपरेशनपेक्षा थोडा जास्त असतो, हे मला पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, तिसऱ्यांनी सांगितलं आणि म्हणूनच मी ते निवडले.

दुर्बिणीने पिशवी काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९८८ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हॅरी राइश या सर्जननी केलं, म्हणजे पद्धत काही कालची नाही, आता आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. रोबोटबद्दल माझं स्पष्ट मत: साध्या, कॅन्सर नसलेल्या आजारात रोबोटने निकाल साध्या दुर्बिणीपेक्षा चांगला येतो असं सिद्ध झालेलं नाही आणि बिल बरंच वाढतं. वजन खूप जास्त असेल, आत फार चिकटलेलं असेल तर सर्जनना त्याची मदत होते. फक्त जाहिरात बघून जाऊ नका.

दोन ठिकाणी मात्र दुर्बिणीबद्दल थांबून विचारायचं. एक, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असेल तर. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुखाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्या बायकांत आजार परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा जास्त दिसलं, तेव्हापासून तिथे उघडं ऑपरेशनच सुचवतात. अस्तराच्या कॅन्सरला हे लागू नाही, तिथे दुर्बीण चालते. दोन, पिशवी फार मोठी असेल तर ती बाहेर कशी काढणार? मॉर्सेलेटर नावाचं यंत्र पोटात तिचे तुकडे करतं, आणि गाठीत लपलेला कॅन्सर असेल तर तो त्या तुकड्यांबरोबर पोटभर पसरू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला. असं असणं क्वचितच, तरी विचारा की तुकडे करावे लागले तर ते बंद बॅगेत करणार का, की खालून काढणार.

सर्जनना मी जे विचारलं ते असं, वहीत लिहूनच नेलं होतं. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? त्यातली किती मध्येच उघडी करावी लागतात? माझी सिझर झालीय, त्याने काय फरक पडेल? खालून का नाही जमणार? आतड्याला, मूत्राशयाला काही झालं तर त्याचे सर्जन इथे येतात का, रक्तपेढी किती लांब? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. माझे नाही चिडले, उलट कागदावर चित्र काढून दाखवलं.

ओव्हरीज, नळ्या आणि पिशवीचं तोंड: हे तीन निर्णय वेगळे आहेत

हा भाग दोनदा वाचा. ‘पिशवी काढणं’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि आपल्याला वाटतं आपण एकालाच हो म्हटलंय.

ओव्हरीज म्हणजे बीजांडकोश, हे पिशवीच्या दोन्ही बाजूंना असतात आणि इस्ट्रोजेन बनवतात. पिशवी काढली आणि ओव्हरीज ठेवल्या तर पाळी बंद होते पण हार्मोन चालू राहतात, म्हातारपण एकदम येत नाही. दोन्ही ओव्हरीज काढल्या तर त्याच रात्रीपासून मेनोपॉज, आणि तोही हळूहळू येणारा नाही, एकदम. वाफा, घाम, झोप न लागणं, योनीमार्ग कोरडा पडणं, आणि दिसत नाही असं म्हणजे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा धोका वाढणं. ४५ च्या आत काढल्या आणि हार्मोनचं औषध दिलं नाही तर हा धोका जास्त. माझ्या जाऊबाईंना ३६ व्या वर्षी काढल्या, त्यानंतर ना हार्मोन, ना कॅल्शियम, ना हाडांची तपासणी, कारण त्यांना स्वतःलाच माहिती नव्हतं तर त्या मागणार काय. हे मला आजही फार लागतं.

म्हणून सरळ विचारा: "माझ्या ओव्हरीज चांगल्या आहेत का? असतील तर का काढायच्या?" काढण्याची योग्य कारणं असतात, ओव्हरीत संशयास्पद गाठ, कॅन्सर, घरात आई-बहीण-मावशीला ओव्हरीचा किंवा स्तनाचा कॅन्सर आणि जनुकीय तपासणीत दोष, काही वेळा अवघड एंडोमेट्रिओसिस. पाळी गेल्यावर कित्येक वर्षं झालेल्या बाईचा हिशोब वेगळा. पण चाळिशीतल्या बाईच्या चांगल्या ओव्हरीज ‘कशाला ठेवायच्या’ म्हणून काढणं मला मान्य नाही. आणि हेही लक्षात ठेवा की ओव्हरीज ठेवल्या तरी काही जणींना मेनोपॉज एक-दोन वर्षं लवकर येऊ शकतो, कारण त्यांच्या रक्तपुरवठ्यात थोडा फरक पडतो.

नळ्यांचं उलट आहे. फॅलोपियन नळ्या हार्मोन बनवत नाहीत आणि ओव्हरीचे म्हणून ओळखले जाणारे बरेचसे कॅन्सर नळीच्या टोकाला सुरू होतात असं आता कळलंय, म्हणून पिशवीबरोबर नळ्या काढतात आणि ओव्हरीज ठेवतात. माझं तसंच केलं.

पिशवीचं तोंड, म्हणजे सर्व्हिक्स, बहुतेकदा काढतात, त्याला टोटल म्हणतात. ठेवलं तर पॅप टेस्ट पुढेही करत राहावी लागते आणि महिन्याला थोडे डाग जाऊ शकतात. आपल्याकडे नेमाने पॅप करायला कोण जातं, म्हणून खास कारण नसेल तर टोटलच बरं असं मला वाटतं.

आता संमतीपत्रक. छापील फॉर्मवर सगळं एकत्र लिहिलेलं असतं. मी पेनने त्यावर मराठीत लिहिलं, ‘दोन्ही ओव्हरीज ठेवायच्या, आत कॅन्सरसारखं काही दिसलं तरच काढाव्यात’, आणि खाली सही. डॉक्टरांनी शेजारी त्यांची सही केली. सज्ञान बाईची स्वतःची सही लागते, नवऱ्याच्या सहीने भागत नाही.

तयारीचे पाच-सहा आठवडे

हिमोग्लोबिन ७.८ वर कुणी शहाणा डॉक्टर ठरवून ऑपरेशन करणार नाही, निदान दहाच्या पुढे हवं. गोळ्यांनी वेळ लागतो, शिवाय पाळीत परत जातंच, म्हणून मला शिरेतून आयर्न दिलं आणि पाळी थांबवायला हार्मोनच्या गोळ्या. चार आठवड्यांत १०.६ झालं. गूळ-शेंगदाणे, बीट, पालेभाज्या खा, जरूर खा, पण फक्त त्याच्यावर विसंबून ऑपरेशनची तारीख घेऊ नका. रक्त वाढवून गेलं की रक्त चढवायची वेळ कमी येते.

शुगर आणि बीपी ताब्यात हवं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, सगळं भूलतज्ज्ञांना दाखवा, कुठली कधी बंद करायची ते तेच सांगतील. तंबाखू, मिश्री लावत असाल तर आतापासूनच बंद, जखम भरायला ती अडथळा करते.

पैशाचं: मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसी वाचा, बऱ्याच पॉलिसींत कॅन्सर नसलेल्या कारणासाठी पिशवी काढायला पहिले २४ महिने कव्हर नसतं आणि रोबोटला वेगळी मर्यादा असते. कॅशलेससाठी टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेची) परवानगी चार-पाच दिवस आधी टाका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि खर्चाचं कोटेशन लेखी घ्या, त्यात भूल, एनर्जी हत्यारांचा (रक्तवाहिन्या उष्णतेने सील करणाऱ्या) चार्ज, बायोप्सीचा चार्ज धरलाय का ते बघा.

घराचं नियोजन हे ऑपरेशनइतकंच मोठं काम आहे. कोण स्वयंपाक करणार, पाणी कोण भरणार, हे आधी ठरवा. मी सासूबाईंना आधीच सांगितलं, "आई, महिनाभर माझ्याकडून कुकर पण उचलून घ्यायचा नाही." त्या म्हणाल्या, "अगं पण टाके तर एवढेसेच ना?" हा गैरसमज घरोघरी आहे, खाली लिहितेच.

ऑपरेशनच्या दिवशी

सहा तास आधीपासून जेवण बंद, साधं पाणी भूलतज्ज्ञ सांगतील तोपर्यंत, बहुतेकदा दोन तास आधीपर्यंत. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, नेलपॉलिश काढून ठेवा.

दुर्बिणीला पूर्ण भूल लागते. झोप लागली की बेंबीजवळ बारीक छिद्र करून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचललं जाऊन आत काम करायला जागा होते. टेबल डोक्याकडून खाली झुकवतात म्हणजे आतडी वर सरकतात. मग कॅमेरा आणि पाच-दहा मिलिमीटरची दोन-तीन छिद्रं अजून. पिशवीला धरून ठेवणारे पट्टे आणि रक्तवाहिन्या उष्णतेने सील करून कापत खाली येतात, मूत्राशय सोडवून खाली सारतात. सगळ्यात जपायची जागा म्हणजे किडनीतून येणारी लघवीची नळी, ती पिशवीच्या मुख्य रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते, पुलाखालून पाणी जावं तशी. शेवटी योनीमार्गाच्या वरच्या टोकाला गोल कापून पिशवी खालूनच बाहेर काढतात आणि ते टोक आतून टाके घालून शिवतात. दीड ते तीन तास.

मध्येच रक्तस्राव झाला, फार चिकटलेलं निघालं तर पोट उघडावं लागू शकतं. ते अपयश नाही, योग्य वेळी घेतलेला सुरक्षित निर्णय असतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे बाहेर बसलेले घाबरत नाहीत.

जाग आल्यावर मला सगळ्यात जास्त दुखलं ते खांद्यात! पोटाचं ऑपरेशन आणि खांदा दुखतोय म्हणून मी घाबरले होते. उरलेला गॅस छातीच्या पडद्याला टोचतो आणि ती कळ खांद्याला जाणवते, चालायला लागलं की दोन-तीन दिवसात जाते. त्याच संध्याकाळी धरून उठवतात, पाय हलवायला लावतात, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी (कॅथेटर) मला दुसऱ्या दिवशी सकाळी काढली, आणि तिसऱ्या दिवशी मी घरी.

घरी आल्यावर

बाहेरचे टाके एवढेसे दिसतात, पण आत योनीमार्गाच्या टोकाला शिवण आहे आणि ती भरायला सहा ते बारा आठवडे लागतात. ती कुणाला दिसत नाही. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बाईला घरचे महिनाभर झोपू देतात आणि दुर्बीणवालीला आठव्या दिवशी म्हणतात आता तर बरी दिसतेस. माझ्या आईचं १९९८ साली पोट उघडून झालं होतं, तिच्यापुढे मी खरंच लवकर उभी राहिले, पण शिवण आतली तेवढीच.

पहिला आठवडा: घरातल्या घरात चालणं, दर दोन तासांनी थोडं. अंघोळ चालते, टाके कोरडे पुसायचे. पातळ पदार्थांपासून सुरू करून मऊ भात, मुगाची खिचडी, ताक. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने आतल्या शिवणीवर ताण येतो, गरम पाणी, इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. डिंकाचे लाडू पहिल्या आठवड्यात आग्रहाने भरवतात, ते पोट साफ व्हायला लागल्यावर घ्या.

दुसरा-तिसरा आठवडा: थकवा येतो आणि तो अचानक येतो, चांगलं वाटतंय म्हणून कपाट आवरायला घेतलं आणि दहा मिनिटांत घाम फुटला असं माझं झालं. तपकिरी, गुलाबी स्राव दोन-तीन आठवडे थोडा थोडा जातो, टाके विरघळताना पंधरा दिवसांच्या आसपास एखादा दिवस जास्त दिसू शकतो. पॅड वापरा. खाली मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं टाळा, भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आणून ठेवा.

सहा आठवडे: बादली, घागर, भरलेला कुकर, गॅसचं सिलेंडर, नातवंडं, काही उचलायचं नाही. दुचाकी साधारण तीन-चार आठवड्यांनी, तेही जोराने ब्रेक दाबताना दुखत नसेल तर. मी शाळेत पाचव्या आठवड्यात गेले, खुर्चीत बसून शिकवलं. शेतात, धुण्या-भांड्याला जाणाऱ्या बायकांना लोक लवकर कामावर ओढतात, त्यांच्यासाठी डॉक्टरांकडून सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीचा लेखी कागद घ्या. शरीरसंबंध डॉक्टरांनी आतून तपासून हो म्हटल्यावरच, सहसा आठ ते बारा आठवड्यांनी, घाई केली तर शिवण उसवू शकते आणि ते गंभीर असतं. नवऱ्यासमोर डॉक्टरांनाच हे सांगायला लावा, आपण सांगितलं की ऐकतातच असं नाही.

या गोष्टी झाल्या तर वाट बघायची नाही

ताप १०० च्या वर, तासाला पॅड भिजेल इतकं लाल रक्त, घाण वास असलेला स्राव, पोट फुगत जाणं आणि उलट्या, एका पिंढरीला सूज आणि दुखणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं, लघवी न होणं. आणि एक जे बायका लाजून सांगत नाहीत: खालून सतत पाण्यासारखं गळणं, कपडे ओले राहणं. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनीही हे सुरू होऊ शकतं, ती लघवी असू शकते, लघवीच्या नळीला किंवा मूत्राशयाला इजा झाल्याची खूण. कुशीत दुखणं आणि तापही तसाच. असं शंभरात एकीला किंवा त्याहून कमी होतं, पण लवकर कळलं तर दुरुस्त होतं. अचानक खालून काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटलं तर झोपून राहा, ओलं स्वच्छ कापड लावा आणि ताबडतोब हॉस्पिटल.

मनाचं, आणि शेवटचा कागद

काही जणींना हलकं वाटतं, काही जणींना रडू येतं, काहींना एकाच दिवशी दोन्ही. पिशवी गेली म्हणजे बाईपण गेलं असं बोलणारे भेटतील, चुलत सासूबाई मलाही बोलल्या. मी त्यांना सांगितलं की मला दहा वर्षांत पहिल्यांदा पांढरी साडी नेसून शाळेत जाता आलं. पण उदास वाटणं महिन्यापेक्षा जास्त टिकलं, झोप-भूक गेली तर डॉक्टरांना सांगा. वाफा येत असतील तर तेही सांगा, त्यावर उपचार आहेत. संबंधांत सुख राहत नाही असं म्हणतात, बहुतेकींच्या बाबतीत दुखणं आणि रक्त थांबल्याने उलट बरं होतं, कोरडेपणा असेल तर जेल किंवा क्रीम मिळतं.

काढलेली पिशवी तपासणीला जाते, तिचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. तो स्वतः जाऊन घ्या, वाचून समजावून घ्या, कारण कधीकधी काहीतरी त्यातच पहिल्यांदा कळतं. डिस्चार्ज कार्डवरचा प्रत्येक शब्द डॉक्टरांकडून मराठीत वदवून घ्या: पिशवी काढली, तोंड काढलं की ठेवलं, नळ्या, उजवी ओव्हरी, डावी ओव्हरी. माझ्या कार्डवर ‘टीएलएच विथ बायलॅटरल सॅल्पिंजेक्टमी, बोथ ओव्हरीज प्रिझर्व्ड’ असं आहे, म्हणजे दुर्बिणीतून तोंडासकट पिशवी आणि दोन्ही नळ्या काढल्या, दोन्ही ओव्हरीज ठेवल्या. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आहे, एक झेरॉक्स कपाटात आणि एक जाऊबाईंकडे, त्यांनीच मागून घेतली.

त्यांचं स्वतःचं कार्डही आता आम्ही लॅमिनेट केलंय. मागच्या महिन्यात त्यांच्या हाडांची डेक्सा तपासणी झाली, आणि यावेळी फॉर्म भरताना ‘दोन्ही ओव्हरीज काढलेल्या, वय ३६’ हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.